काळी स्क्रीन आणि ‘फॉरमॅट मारू का?’

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: लिनक्स अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि स्क्रीन काळी झाली, आता काय करायचं? उत्तर देताना मी माझ्या आत्याची गोष्ट सांगणार आहे, कारण त्यात चूक माझीच होती.

आत्या इंदूरला असते, मी बंगळुरूला. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मीच डेबियन 12 घालून दिलं होतं. कार्ड एनव्हिडियाचं, जीटी 1030. मे 2024 मधल्या एका दुपारी तिचा फोन आला. ‘अरे, कालपासून नुसता अंधार आहे. दुकानातला मुलगा घरी आलाय, तो म्हणतो सातशे रुपये दे, फॉरमॅट मारतो. मारू देऊ का?’

मी जवळजवळ ओरडलोच. काका गाणं शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या सत्तरेक कॅसेट आत्यानं दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटना बुरशी लागली होती म्हणून त्या नंतर टाकूनही दिल्या. म्हणजे काकांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती. हे मला माहीत होतं आणि ‘पुढच्या वेळी आलो की करू’ असं मी दोनदा म्हटलं होतं.

त्या मुलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला येत होतं ते औषध तो देत होता. पण ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला म्हणजे फक्त चित्र दाखवणारा हात लुळा पडलेला असतो. डिस्क, फायली, पासवर्ड, सगळं जागच्या जागी असतं. म्हणून पहिली गोष्ट हीच: काळ्या स्क्रीनवर कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

मी आत्याला विचारलं, ‘मशीन चालू केल्यावर आधी कंपनीचं चिन्ह दिसतं का? मग निळसर यादी येते का?’ दोन्ही दिसत होतं. त्यानंतर थोडी अक्षरं धावायची आणि मग काळ्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहायची. बरं वाटलं. चिन्ह आणि यादी दिसते म्हणजे वायर, मॉनिटर आणि कार्ड शाबूत आहे. गडबड पुढे, सॉफ्टवेअरमध्ये आहे.

आता ही गडबड नेमकी काय असते ते समजून घेऊ, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. इंटेल आणि एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच येतात. कर्नेल बदललं की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र बाहेरून येतो आणि त्याचा एक तुकडा, ज्याला मॉड्यूल म्हणतात, प्रत्येक कर्नेलच्या मापानं वेगळा शिवावा लागतो. लिनस टोरवाल्ड्सनं 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका व्याख्यानात एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं होतं, ते कंपनीच्या असहकारावरूनच. 2022 मध्ये कंपनीनं मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. आत्याचं कार्ड त्याच्या आधीचं.

मॉड्यूल शिवणारा शिंपी आपल्या मशीनवरच बसलेला असतो. त्याचं नाव डीकेएमएस. नवं कर्नेल आलं की तो मॉड्यूल नव्यानं शिवतो. पण शिंप्याला मापं लागतात, आणि ती मापं ‘हेडर’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. हेडर नसले तर मॉड्यूल शिवलं जात नाही. तशात एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना नूवो हा लिनक्समधला खुला ड्रायव्हर बंद करून ठेवलेला असतो. म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

तर आत्याला काय सांगितलं? मशीन पुन्हा सुरू कर. निळी यादी आली की लगेच खालच्या बाणाचं बटण दाब, नाहीतर पाच सेकंदांत ती निघून जाते. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’वर एंटर. आता जी यादी दिसते तिच्यात पहिली ओळ नव्या कर्नेलची, दुसरी त्याच्याच रिकव्हरी मोडची, तिसरी आदल्या कर्नेलची. तिसरी निवड.

‘6.1.0-20 असं आहे ते?’ ‘हो, तेच.’ एंटर दाबलं आणि अर्ध्या मिनिटात तिचा वॉलपेपर आला. जुनं कर्नेल लगेच पुसलं जात नाही, ते अशा वेळेसाठीच ठेवलेलं असतं. म्हणून नव्या कर्नेलवर सगळं नीट चालतंय हे बघितल्याशिवाय ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका. उबंटूत ही यादी बहुधा लपलेली असते. तिथं सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबायचं.

इथे दुरुस्तीचा मोह होतो. तो आवरा. आत्यानं आधी त्याच मुलाला कोपऱ्यावरून पेनड्राइव्ह आणायला पाठवलं आणि सगळ्या ध्वनिफायली त्यावर उतरवल्या. चाळीस मिनिटं गेली. तो बिचारा तोवर चहा घेत बसला आणि मी फोनवर.

मग टर्मिनल. व्हिडिओत अक्षरं स्क्रीनवर दिसत होती, इथे मी उच्चारली तशी लिहितो. ‘यूनेम, जागा सोडून, डॅश आर’ लिहिलं की आपण कुठल्या कर्नेलवर आहोत ते कळतं. ‘डीकेएमएस, जागा सोडून, स्टेटस’ लिहिलं की शिंप्यानं कुठल्या कर्नेलसाठी शिवलं ते कळतं. आत्याकडे तिथं एकच ओळ होती, 6.1.0-20 ची. नवं कर्नेल 6.1.0-21, आणि त्याचं नाव कुठंच नाही.

आणि मला माझी चूक दिसली. डेबियन घालताना घाईत मी फक्त त्या दिवशीच्या कर्नेलचे हेडर बसवले होते. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी64’ हे पॅकेज बसवलं असतं तर पुढच्या प्रत्येक कर्नेलबरोबर त्याचे हेडर आपोआप आले असते. (नावातल्या एएमडीचा कार्डाशी संबंध नाही. 64 बिटच्या इंटेल मशीनलाही हेच लागतं.) आत्यानं ते ‘ॲप्ट इन्स्टॉल’नं बसवलं. हेडर येताच डीकेएमएस आपणहून कामाला लागलं. काही मिनिटांनी स्टेटसमध्ये 6.1.0-21 ची ओळ दिसली, शेवटी ‘इन्स्टॉल्ड’. मशीन पुन्हा सुरू केलं, नव्या कर्नेलवर चित्र आलं.

सगळ्यांचं निदान हेच निघेल असं नाही. हेडर असूनही मॉड्यूल शिवलं जात नसेल तर दोष कदाचित तुमचा नसतोच. फेब्रुवारी 2024 मध्ये डेबियन 12.5 बरोबर 6.1.0-18 कर्नेल आलं, तेव्हा एनव्हिडियाचं मॉड्यूल त्याच्यावर बांधलंच जात नव्हतं. नीट हेडर असलेल्यांच्याही स्क्रीन गेल्या. अशा वेळी जुन्या कर्नेलवर राहायचं आणि दुरुस्त पॅकेजची वाट बघायची. एनव्हिडियाच्या साइटवरून डॉट रन फाइल उतरवून चालवायची घाई करू नका. ती पॅकेज मॅनेजरला न विचारता फायली टाकते आणि पुढच्या अपडेटला गुंता दुप्पट होतो.

मॉड्यूल शिवलंय, पण लोड होत नाही? मग सिक्युअर बूटकडे बघा. ते चालू असेल तर सही नसलेलं किंवा अनोळखी सहीचं मॉड्यूल कर्नेल नाकारतं. ‘मॉडप्रोब’नं हातानं लोड करून पाहिलं तर ‘की वॉज रिजेक्टेड’ असा संदेश येतो. ती सही मशीनला ओळखायला लावण्यासाठी ‘मॉकयूटिल’ वापरतात. पासवर्ड ठरवायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, मग एक निळी स्क्रीन येते आणि तिथं ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते. घाबरून ‘कंटिन्यू’ दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रकार कार्ड म्हातारं झाल्याचा. केप्लर पिढीला 470 ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, मॅक्सवेल आणि पास्कलला 580. डिस्ट्रोची अख्खी आवृत्ती बदलायच्या आधी आपलं कार्ड नव्या ड्रायव्हरच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर नूवोवर या. गेम खेळायचे नसतील तर टायपिंग आणि भजनांच्या व्हिडिओला तो पुरतो, असं माझं मत आहे.

एएमडीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. डेबियन 12 पासून फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग आला. डेबियन 11 वरून जुनी सोर्सेसची यादी तशीच घेऊन आलेल्यांना तिथली नवी फर्मवेअर मिळत नाहीत. त्या यादीत तो शब्द आहे का एवढं तपासा.

आणि काळी स्क्रीन नाही, पण सगळं गोगलगाईसारखं चालतंय, पंखा भणभणतोय? ‘जीएलएक्सइन्फो, जागा सोडून, डॅश कॅपिटल बी’ लिहा. रेंडररपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्रं कार्ड काढत नाहीये, प्रोसेसर काढतोय. बऱ्याचदा कुणीतरी कधीतरी ‘नोमोडसेट’ घालून ठेवलेलं असतं. अडल्या वेळी आत शिरायला ती कुबडी चांगली, पण बरं झाल्यावर काढायची राहून जाते.

आत्यानं ‘तिसरी ओळ’ हे शब्द मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेत. पेनड्राइव्हची एक प्रत तिनं दुसऱ्याच दिवशी मला कुरियरनं पाठवली. दुकानातल्या मुलाला तिनं दोनशे रुपये दिले. मी विचारलं, कशाचे? म्हणाली, ‘अरे, तू सांगत होतास ते सगळं तो वहीत लिहून घेत होता.’