मांजराची वखवख

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी येथील एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. (टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत, ही जाफराबाद तालुक्यातली.) मागच्या पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात त्यांना मांजराचे एक हाडकुळे पिल्लू सापडले. जेमतेम महिन्याभराचे असेल. त्यांनी ते घरी आणले. आता ते चांगले मोठे झाले आहे, दोन्ही वेळा पोटभर खायला मिळते. पण ताटली समोर आली की न चावता बकाबका गिळते, मग ओकते आणि ओकलेलेही पुन्हा खाते. पिठाचा डबा पाडते, मुलांच्या हातातली पोळी ओढते, ताटलीजवळ हात नेला तर बोचकारते. पोट टम्म फुगले तरी ओरडणे थांबत नाही. घरच्यांचे मत असे पडले की हे मांजर मुळातच हावरट आहे, तेव्हा पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे. बाईंचा प्रश्न असा, की रोज पोटभर मिळूनही ही वखवख का जात नाही? आणि ती घालवता येईल का?

आधी पोत्याविषयी. सोडून दिलेले मांजर 'आपले आपण पोट भरेल' अशी आपली समजूत असते. पण ज्या शिवारात ते सोडले जाते तिथे अगोदरपासून दुसरी मांजरे असतात, कुत्री असतात, आणि उंदरांची बिळे नवख्या मांजराला ठाऊक नसतात. लहानपणापासून माणसाच्या हातचे खाल्लेले मांजर अशा ठिकाणी बहुधा फार दिवस तग धरत नाही. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधण्यावर एका जिवाचे बरेवाईट अवलंबून आहे.

वर्तनाचा विचार करण्यापूर्वी शरीराचा करायला हवा. मांजराची खा-खा सुटण्याचे आपल्याकडचे एक नेहमीचे कारण म्हणजे जंत. गोलकृमी आईच्या दुधातूनही पिल्लाच्या पोटात जातात. पट्टकृमी पिसवा किंवा उंदीर खाल्ल्याने होतात. म्हाताऱ्या मांजरात कंठस्थ ग्रंथी अतिरेकाने काम करू लागली किंवा मधुमेह झाला, तर खाणे वाढते आणि वजन मात्र घटते. म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावी. जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यायचे असते. माणसाची गोळी अर्धी करून देऊ नये. आणखी एक गोष्ट: ज्या घरात मांजर बोचकारते किंवा चावते तिथे जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे. रेबीज फक्त कुत्र्यामुळेच होतो असे नाही.

जंत नाहीत, आजार नाही, तरीही वखवख आहे, असे धरून पुढे जाऊ.

मांजर हा एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे, आणि त्याची शिकार त्याच्यापेक्षा खूपच लहान असते. तीन किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारणपणे दोनशे किलोकॅलरी ऊर्जा लागते. एका घरउंदरातून सुमारे तीस मिळतात. म्हणजे केवळ उंदरांवर जगणाऱ्या मांजराला रोज सहा-सात उंदीर हवेत, आणि ते दिवसरात्रीत विखुरलेले असणार. ज्या मांजरांसमोर चोवीस तास अन्न ठेवले जाते तीही दहा-पंधरा वेळा थोडे थोडे खातात, रात्रीसुद्धा. याउलट सिंह एकदा पोट भरले की दोन-तीन दिवस खात नाही. मांजर सिंहाच्या कुळातले असले तरी त्याचे पोट सिंहाच्या रीतीचे नाही. आता आपण त्याला माणसासारखे सकाळ-संध्याकाळ जेवायला घालतो. आपल्या हिशेबाने ते दोन्ही वेळा पोटभर असते. मांजराच्या हिशेबाने मध्ये बारा-बारा तासांचे दोन उपवास असतात.

पोट भरल्याची जाणीव कशी होते हेही इथे पाहायला हवे. जठर ताणले गेले की त्याची बातमी व्हेगस मज्जातंतूवरून मेंदूला जाते. अन्न लहान आतड्यात उतरले की तिथून काही संप्रेरके रक्तात मिसळतात व खाणे आवरते घ्यायला सांगतात. याला वेळ लागतो. एका मिनिटात ताटली साफ करणाऱ्या मांजराच्या बाबतीत हा निरोप पोहोचण्याआधीच जेवण संपलेले असते. कोरडे गिळलेले अन्न जठरात फुगते आणि उलटून पडते. ते जवळजवळ जसेच्या तसे असते, म्हणून मांजराला ते पुन्हा खाण्यात वावगे वाटत नाही. किळस आपल्याला येते, त्याला नव्हे.

याखेरीज चरबीच्या साठ्याची नोंद ठेवणारे लेप्टिन (ते १९९४ साली सापडले) आणि रिकाम्या जठरातून निघून भूक चाळवणारे घ्रेलिन (१९९९) अशी संप्रेरके आहेत. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. हे मांजर आता भरल्या घरात आहे. त्याची चरबी पुरेशी आहे, जठरही भरलेले आहे. मग मेंदू 'पुरे' का म्हणत नाही?

उत्तर असे, की किती खावे हे ठरवताना प्राणी आज पोटात किती आहे एवढेच पाहत नाही, पुढचे केव्हा मिळेल याचाही अंदाज बांधतो. स्वीडनमध्ये ग्रीनफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यावर केलेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. अन्न केव्हा किती मिळेल याचा भरवसा नाही अशी परिस्थिती निर्माण केली तेव्हा पक्ष्यांनी अंगावर जास्त साठा बाळगला. जास्त चरबी म्हणजे जड शरीर, आणि जड पक्षी ससाण्याच्या तावडीत सापडण्याचा धोका अधिक. हा धोका पत्करूनही तो साठा करतो, कारण उपाशी मरण्याचा धोका त्याहून मोठा असतो. याला हावरटपणा म्हणण्याऐवजी विम्याचा हप्ता म्हणणे अधिक योग्य होईल.

हा अंदाज कधी बसतो? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हंट यांनी १९४१ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकतेच आईपासून तुटलेल्या, चोवीस दिवसांच्या पिल्लांना त्यांनी काही दिवस अर्धपोटी ठेवले. मग भरपूर खायला घालून मोठे केले. मोठेपणी त्यांना आणि त्यांच्या पोटभर वाढलेल्या भावंडांना पुन्हा थोडे दिवस कमी खायला दिले, आणि त्यानंतर कोण किती अन्न बिळात ओढून नेते ते मोजले. लहानपणी उपाशी राहिलेल्यांनी भावंडांच्या दुपटीहून अधिक साठा केला. बत्तीस दिवसांच्या वयात उपाशी ठेवलेल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. आठवडाभराच्या अंतराने एवढा फरक! मांजराचे पिल्लू साधारण चौथ्या आठवड्यात इतर अन्नाला तोंड लावते आणि आठव्या आठवड्यापर्यंत आईचे दूध सोडते. व्हरांड्यातले पिल्लू नेमके त्या वयाचे होते. उंदरावरचा निष्कर्ष मांजराला सरळ लावता येत नाही हे खरे, पण दिशा कळते.

माणूसही यातून सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खायला कसे घालावे हे त्यांना जाणून घ्यायचे होते. तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते ताटे चाटू लागले, स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले, रात्रंदिवस खाण्याच्याच गोष्टी करू लागले. खरी चकित करणारी गोष्ट पुढे घडली. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर कित्येकांना पोट तडस लागेपर्यंत खाऊनही भूक भागल्यासारखे वाटेना, आणि हे महिनोन्‌महिने चालले. ही सुशिक्षित माणसे होती. प्रयोग संपला आहे, अन्न तुटणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी शरीराला ते पटायला वेळ लागला.

टेंभुर्णीच्या परिसरातील जुन्या माणसांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात (तेव्हा हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा १९८१ साली झाला) ज्यांनी खडी फोडून सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे कणगी भरलेली असतानाही ताटातला कण वाया जाऊ दिला नाही. त्यांना कोणी हावरट म्हणत नाही.

मांजराच्या या स्थितीला हल्ली 'अन्नाची चिंता' म्हणतात. मांजराच्या मनात चिंता असते की नाही हे मोजण्याचे साधन आमच्यापाशी नाही, म्हणून तो शब्द आम्ही जपून वापरतो. वर्तन मात्र मोजता येते आणि बदलताही येते. २०१२ साली इटलीतील पशुवैद्यकांनी एका सयामी बोक्याची हकीकत प्रसिद्ध केली. तो माणसांच्या ताटावर झडप घालायचा, अखाद्य वस्तूही खायचा. त्याला मारले नाही, उपाशीही ठेवले नाही; मागण्याकडे दुर्लक्ष आणि ठरल्या वेळी खाणे, असा क्रम ठेवला. काही महिन्यांत तो ताळ्यावर आला.

म्हणजे या मांजराला खरी उणीव खात्रीची आहे, आणि तीच त्याला द्यायची आहे.

दिवसाचा शिधा एकदा ठरवून मोजून ठेवावा आणि तो चार-पाच वाट्यांत विभागून रोज त्याच वेळी, त्याच जागी द्यावा. शेवटचा वाटा झोपण्यापूर्वी. देण्याआधी ताटली दोनदा वाजवावी. थोड्याच दिवसांत मांजर आवाजाची वाट पाहायला शिकते आणि मधल्या वेळात निवांत राहू लागते. बाई शाळेत असतील तेव्हाचा वाटा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खळग्याखळग्यांत टाकून ठेवावा. एकेक घास पंजाने काढून खाताना वेळ लागतो, बकाबका गिळता येत नाही, आणि थोडी शिकारीची हौसही भागते. ट्रे नसेल तर मोठ्या परातीत पातळ पसरून द्यावे. घरात दोन मांजरे असतील तर ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. एका ताटात जेवणे ही माणसाची माया आहे, मांजराची नव्हे.

शिध्यात काय असावे हाही प्रश्न आहेच. दूध-भाकरीवर मांजर जगते असे वाटते, कारण उरलेली गरज ते उंदरांवर भागवते. घरात कोंडलेल्या मांजराला ती सोय नसते. त्याला प्राणिज प्रथिने हवीत, आणि टॉरिन हे द्रव्यही, जे त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि धान्यात ते नसते. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा दृष्टिपटल झिजतो हे १९७५ साली सिद्ध झाले. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही. तेव्हा उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस व काळीज, मासे. शाकाहारी घरात तयार कॅटफूड. आपल्या ताटातला रस्सा देऊ नये. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

सर्वांत अवघड भाग ओरडण्याचा. इथे स्किनर या मानसशास्त्रज्ञाची एक गोष्ट आठवते. १९३० च्या दशकात ते उंदरांना कळ दाबल्यावर खाऊची गोळी देत. या गोळ्या ते स्वतःच बनवत. एका शनिवारी साठा तपासला तर सोमवारपर्यंत पुरणार नाही असे दिसले. तेव्हा त्यांनी प्रत्येक वेळी गोळी देणे थांबवले, अधूनमधून दिली. उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे दिसून आले की कधी मिळते, कधी मिळत नाही अशा रीतीने लागलेली सवय सुटायला सर्वांत कठीण असते. आता घरातले चित्र पाहा. बाई मागितल्यावर देत नाहीत, पण आजी हळूच पोळीचा तुकडा टाकतात. मांजर यातून 'मागून मिळत नाही' हे शिकत नाही, 'मागतच राहावे' हे शिकते. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरडणे उलट वाढते. याच वेळी घरचे लोक हात टेकतात, आणि सगळ्यांत मोठ्या आरडाओरड्याला बक्षीस मिळते. आजींना आधी विश्वासात घ्यावे. ठरल्या वेळचा एक वाटा त्यांच्याच हातून दिला तर उत्तम. केरसुणीने मारणे तर मुळीच नको. ताटलीशेजारी भीती उभी केली की मांजर आणखी घाईने गिळणार.

दोन्ही टोकांना धोका आहे. अगदी हाडांचा सापळा झालेले मांजर आणल्यावर पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घालू नये. रक्तातील फॉस्फेट एकाएकी उतरून ते दगावू शकते. थोडे थोडे, अनेक वेळा, आणि शक्यतो पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. उलट लठ्ठ झालेल्या मांजराला 'दोन दिवस उपाशी ठेवू, म्हणजे उतरेल' हाही घातक उपाय आहे. उपास घडला की अंगची चरबी यकृतात जाऊन साचते, कावीळ होते आणि मांजर मरते. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरावे, म्हणजे चार किलोच्या मांजरात चाळीस ग्रॅम.

हे मोजणे वरच्या वर्गातील मुलांना सहज जमेल. मांजर पिशवीत घालून, तोंड बाहेर ठेवून, काट्याला अडकवले की वजन कळते. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, खाण्यापूर्वी घ्यावे. दुसरी नोंद ताटली रिकामी व्हायला लागलेल्या सेकंदांची. ती रोज, एकाच वाट्याची, आणि वाट्याचे वजन व ताटली बदलू न देता. तिसरी ओकण्याची. तिन्हींचे आलेख एकाच कागदावर महिना-दोन महिने काढत जावे. वेळ मोजणाऱ्याने मांजराच्या डोक्यावर उभे राहू नये. दाराच्या आडून, दहा-बारा फुटांवरून पाहावे, नाहीतर घड्याळ त्याच्या भीतीचेच मोजमाप करील.