दुकान एकट्याचं, कंपनी चौघांची : तालुक्यातला कॉम्प्युटरचा धंदा वाढताना कुठे अडतो?

तालुक्याच्या बाजारपेठेत आज कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं, सीसीटीव्ही बसवून देणारं, नाहीतर पतसंस्था आणि दूध डेअरीला सॉफ्टवेअर पुरवणारं एखादं तरी दुकान असतंच. मालक बहुतेक वेळा स्वतः हाताने काम करणारा. पहिली दोन-तीन वर्षं धंदा झपाट्याने वाढतो. नंतर गाडी एका जागी थांबते. गिऱ्हाईक आहे, काम आहे, पंचक्रोशीत नाव आहे, तरी महिन्याची कमाई तेवढीच.

मालक दोन दिवस लग्नाला गेला की दुकानाचं शटर खाली. आणि शिकवून तयार केलेला पोरगा वर्षभरात समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकतो. ही दोन दुखणी या धंद्यातल्या बहुतेकांच्या ओळखीची आहेत.

कारण विचारलं तर भांडवल कमी पडतं, असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. पैसा आला तरी प्रत्येक काम मालकाच्याच हातून जाणार असेल, तर धंदा मालकाच्या दोन हातांपेक्षा मोठा होत नाही. काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं, ही तंत्रज्ञानाच्या धंद्यातली खरी पायरी आहे. ती कशी चढायची, ते समजून घेऊ.

दुरुस्तीच्या टेबलावरून कंपनीपर्यंत

यासाठी लांब जायची गरज नाही. 'क्विक हील' या अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कुटुंब पुण्यात राहायला आलेलं. कैलास यांचं शिक्षण दहावीपर्यंत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी करत ते काम शिकले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. कॅल्क्युलेटरनंतर कॉम्प्युटर आले. धाकटे बंधू संजय यांनी मात्र कॉम्प्युटरचंच शिक्षण घ्यावं, हा थोरल्या भावाचा आग्रह होता.

दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये तेच ते व्हायरस पुन्हा पुन्हा सापडत. संजय यांनी ते काढण्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच पुढे अँटिव्हायरस तयार झाला. १९९५ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने कंपनीची नोंदणी झाली. २००७ मध्ये कंपनीचं नाव 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदार संस्थेने तिच्यात ६० कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

या प्रवासात बाहेरचा मोठा पैसा कधी आला, ते बघण्यासारखं आहे. कंपनी नोंदल्यानंतर तब्बल १५ वर्षांनी. त्याच्या आधी दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे कामाची वाटणी. प्रोग्रॅमची बाजू धाकट्याने पाहिली, धंद्याची बाजू थोरल्याने. दुसरी म्हणजे विक्रीची वाटणी. गावोगावचे कॉम्प्युटर विक्रेते आणि दुरुस्ती करणारे हेच कंपनीचे विक्रेते झाले. ज्याच्या टेबलावर व्हायरसने बिघडलेला कॉम्प्युटर येतो, तोच गिऱ्हाइकाला अँटिव्हायरस सुचवू शकतो. प्रत्येक गावात आपला माणूस पगारावर ठेवण्यापेक्षा तिथल्या माणसाला त्याचा वाटा दिला, की धंदा पसरतो.

तासाची कमाई आणि मालाची कमाई

दुरुस्ती म्हणजे सेवा. सेवेत कमाई तासाला बांधलेली असते. धरून चला, एका मशीनला सरासरी एक तास लागतो. मग एक माणूस दिवसात आठ मशीन करील. सोळा करायची असतील तर दुसरा माणूस लागणार. म्हणजे उत्पन्न दुप्पट झालं तरी पगाराचा खर्चही त्याच्याबरोबर वाढतो.

सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे. पहिली प्रत तयार करायला महिने लागतात, पण दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. दहा डेअऱ्यांना एकच प्रोग्रॅम दिला, तर लिहिण्याचा खर्च दहा जणांत वाटला जातो.

पण इथेच अनेकांची फसगत होते. पहिल्या डेअरीने मागितलं म्हणून पावतीचा नमुना बदलला, दुसरीने मागितलं म्हणून फॅटचा हिशेब वेगळा केला, तिसरीने आणखी काही. वर्षाखेरीला हातात एक प्रोग्रॅम राहत नाही, दहा वेगवेगळे प्रोग्रॅम होतात. त्यातला कुठला कुणाचा, हे फक्त मालकाला ठाऊक. नाव सॉफ्टवेअरचं, पण धंदा पुन्हा तासाचाच झाला.

यावर उपाय एकच. ऐंशी टक्के गिऱ्हाइकांना लागतं ते मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यायचं, बाकीच्याला जादा पैसे सांगायचे किंवा सरळ नाही म्हणायचं. नाही म्हणणं गावात जड जातं, कारण गिऱ्हाईक पाहुण्यातलंच असतं. तरी ते शिकावं लागतं.

दुरुस्तीच्या दुकानालाही तासाच्या बंधनातून थोडं बाहेर पडता येतं. शाळा, दवाखाने, पतसंस्था यांच्याशी वार्षिक देखभालीचा करार केला, तर ठरलेली रक्कम ठरलेल्या वेळी येते. पुढच्या महिन्यात किती येणार हे आधी कळलं, तरच माणूस पगारावर ठेवायची हिंमत होते.

माणसं वाढली तरी काम का रखडतं?

काम उशिरा चाललंय म्हणून आणखी दोन पोरं घेतली आणि काम आणखीच रखडलं, हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत आयबीएम कंपनीत मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये यावर 'द मिथिकल मॅन-मन्थ' नावाचं पुस्तकच लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात ऐनवेळी माणसं घातली की उशीर वाढतो, असं त्यांचं म्हणणं. कारण नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो, आणि माणसं वाढतात तशी एकमेकांशी बोलण्याची कामं त्याहून वेगाने वाढतात.

हिशेब साधा आहे. तिघांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या जोड्या तीन. सहा जण झाले की जोड्या १५. बारा जण झाले की ६६. प्रत्येक जोडीत एखादा निरोप चुकू शकतो. 'मला वाटलं तू केलंस' हे वाक्य तिघांच्या दुकानात क्वचित ऐकू येतं, बारा जणांच्या दुकानात रोज.

खळ्यावर दहा माणसं वाढवली की मळणी लवकर उरकते, कारण प्रत्येकाचं काम डोळ्यांसमोर असतं. प्रोग्रॅम लिहिण्यात किंवा नेटवर्क जोडण्यात तसं नसतं. एकाने काय केलं हे दुसऱ्याला दिसत नाही, सांगावं लागतं. म्हणून माणसं वाढली की छोट्या तुकड्या कराव्या लागतात. सीसीटीव्हीचे दोघं, दुरुस्तीचे तिघं, हिशेब आणि फोनचा एक. प्रत्येक तुकडीत शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळ्यांना माहीत हवं.

सोपवायचं म्हणजे नेमकं काय?

'तू बघ रे' म्हणणं म्हणजे सोपवणं नाही. त्यात तीन गोष्टी लागतात.

पहिली, काम लिहून ठेवणं. मशीन आत घेताना गिऱ्हाइकाचं नाव, बिघाड, आधीपासूनचा ओरखडा, सोबत दिलेला चार्जर, सांगितलेली रक्कम आणि तारीख हे एका वहीत किंवा साध्या एक्सेल शीटमध्ये आलं, की तोंडी वाद निम्मे मिटतात. सीसीटीव्ही बसवल्यावर तपासायच्या दहा गोष्टींची यादी भिंतीवर लावली, तर नवा पोरगाही चुकत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाकडे काय बसवलंय, याची नोंद मालकाच्या डोक्यात नको, दुकानात हवी.

दुसरी, कामासोबत अधिकार देणं. एखाद्या रकमेपर्यंतचा सुटा भाग न विचारता आणायची मुभा पोराला असेल, तर तो दर तासाला फोन करणार नाही. ती रक्कम पाचशे असो की दोन हजार, पण ठरलेली असावी. गिऱ्हाइकासमोर त्याचा शब्द मोडायचा नाही. चूक झाली तर मागाहून बाजूला घेऊन सांगायचं. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस पुढच्या वेळी निर्णयच घेत नाही, सगळं मालकावर ढकलतो.

तिसरी, पाहणीची ठरलेली वेळ. सकाळी दुकान उघडल्यावर दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलावं. काल काय झालं, आज काय आहे, कुठे अडलंय. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही हीच पद्धत आहे. दिवसभर मागे उभं राहून पाहण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

शिकवलेला पोरगा गेला तर?

खरी भीती इथे आहे. अनेक मालक मुद्दामच अर्धं शिकवतात. चिप बदलायचं काम स्वतःकडे ठेवतात, सॉफ्टवेअरचा पासवर्ड सांगत नाहीत. त्यामुळे पोरगा अडकून राहतो असं नाही, मालक मात्र नक्की अडकतो.

काही जण स्टँपपेपरवर लिहून घेतात की, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं तालुक्यात असलं दुकान टाकणार नाही. या कागदावर फार विसंबू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार साधारणपणे रद्दबातल ठरतो. गिऱ्हाइकांची यादी किंवा प्रोग्रॅमचा मजकूर चोरून नेला, तर दाद मागता येते. पण शिकलेला हात कुणी अडवू शकत नाही.

मग माणूस राहतो कशाने? शिकण्याने आणि वाट्याने. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीचं उदाहरण इथे उपयोगी आहे. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराशिवाय वाढली. शिकलेले इंजिनिअर मिळेनात म्हणून रडत न बसता तिने स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांना तिथे फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवतात. तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कंपनीने कार्यालयही थाटलं. गावाजवळ चांगलं काम मिळालं, तर गाव सोडायची घाई नसलेली मुलं बरीच असतात. तालुक्याच्या मालकाकडे हीच जमेची बाजू आहे. पुण्यात पगार जास्त मिळेल, पण खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च वजा जाता हातात किती उरतं, हे त्या पोरालाही कळतं.

वाटा देण्याचे साधे मार्ग आहेत. पोराने आणलेल्या देखभाल करारावर ठरावीक टक्केवारी, दिवाळीला नफ्यातला हिस्सा, आणि तीन-चार वर्षं टिकलेल्याला शेजारच्या मोठ्या गावात भागीदारीत शाखा. नाहीतरी तो दुकान टाकणारच असेल, तर ते आपल्या नावाने आणि आपल्या मालावर टाकलेलं बरं. मात्र हिस्सा किती, खर्च कुणाचा, वेगळं व्हायचं ठरलं तर काय, हे आधी लिहून घ्यावं. भाऊ-भाऊ असले तरी लिहावं.

उधारी आणि पगार

टीम ठेवली की पगाराची तारीख टळत नाही, पण गिऱ्हाइकाचं बिल टळतं. संस्था आणि कंत्राटदार महिनोन् महिने पैसे थकवतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने यात आधार दिला आहे. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारात मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. यासाठी माल किंवा सेवा देण्याच्या आधीच उद्यम नोंदणी केलेली असावी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे मोजायची गरज नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे नोंदणी करताना दुरुस्ती, देखभाल, सॉफ्टवेअर ही सेवा नीट नमूद करावी.

किमान दोन महिन्यांचे पगार निघतील एवढी रक्कम बाजूला पडल्याशिवाय नवा माणूस घेऊ नये, हा साधा नियम पाळला तरी बरीच दुकानं अडचणीतून वाचतील.

आपला धंदा कुठे आहे, हे तपासायचं असेल तर मालकाने एक आठवडा फोन बंद ठेवून बाहेरगावी जाऊन यावं. परत आल्यावर जी कामं अडलेली दिसतील, तीच अजून सोपवायची राहिलेली. त्यातलं एक निवडावं, लिहून काढावं आणि पुढच्या महिन्यात एकाला पूर्ण शिकवावं. मग दुसरं घ्यावं.