घोड्याच्या मानेवर हलका हात

लालबागेत कुणालाही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ विचारा, बोट परळकडेच जाईल. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचा हा जनावरांचा दवाखाना. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. त्यानंतर आपल्या मंडळीतल्या मुलांना घोडा जवळून दिसतो तो बहुधा सहलीत, माथेरानला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि घोडेवाले पुढे येतात.

आदिवासी कल्याणाच्या अंकात घोड्याचं मालीश कशाला, असं कुणी विचारेल. पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतले काही तरुण याच घोड्यांमागे चालून पोट भरतात. घोडा लंगडला की त्या दिवसाची मजुरी गेली. मला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

घोडा मुळात शिकार होणारं जनावर. अशक्तपणा दाखवणं रानात महागात पडतं, म्हणून तो दुखणं लपवतो. ओझं घेऊन दिवसभर चढ-उतार केल्यावर त्याचा ताण कानामागे, जबड्यात, मानेत आणि खोगिराखालच्या पाठीत साठतो. आपण जोरात रगडलं तर तो अंग आणखी ताठ करतो, कारण दाबाला दाबाने उत्तर देणं हा त्याचा स्वभाव आहे. हात अगदी हलका असला तर मात्र त्याला विरोध करायला काही उरत नाही.

खोगीर उतरवा, पाणी पाजा. घोड्याच्या बाजूला उभे राहा. मागे कधीच नको. बोटांची टोकं कानामागे टेकवून मानेवरून खांद्याकडे सावकाश न्या. दाब किती? पिकलेल्या जांभळाची साल फाटू नये, इतकाच. सरकताना एखाद्या जागी त्याची पापणी लवते किंवा ओठ थरथरतो. तिथे हात थांबवा आणि वाट बघा. कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. (घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. आपल्या तरुणांना सर्वांत जड जातं ते हेच.) मग तो जीभ फिरवतो, रिकामंच चघळतो, जांभई देतो, फुरफुरतो, मान खाली सोडतो. ताण सुटू लागल्याच्या या खुणा. त्या दिसल्या की हात काढून घ्या, क्षणभर त्याला एकटं सोडा, मग पुढची जागा.

तो कान मागे पाडू लागला, शेपटी झटकू लागला किंवा चावायला वळला, तर दाब कमी करा. तरी ऐकलं नाही तर थांबा. जखम, सूज, ताप किंवा अंगाचा एखादा भाग गरम लागत असेल, तर मालीश नकोच. घोडा पोटाकडे वळून वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, तर तो पोटशूळ असू शकतो. तेव्हा वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं.