गर्भातील पेशींचा डिंक

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांची रांगच लागली आहे. विदर्भातून गर्भवती भगिनी येथे तपासणीसाठी येतात. परंतु पाळी चुकून महिना उलटल्यावर पहिली तपासणी झाली, तर बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया तोवर घातला गेलेला असतो.

या बांधकामात पेशींना जोडणारा डिंक म्हणजे ‘कॅडहेरिन’ ही प्रथिने. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी ती शोधून काढली. कॅल्शियमच्या साहाय्याने ती पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवतात. गर्भ मूठभर पेशींचा असतानाच ई-कॅडहेरिन त्यांना बांधते. पुढे गर्भाच्या पाठीवरील पेशींचा पट्टा खोलगट होतो व नळीसारखा मिटतो. तेव्हा या पेशी ई-कॅडहेरिन सोडून एन-कॅडहेरिन धारण करतात आणि त्वचेच्या थरापासून वेगळ्या होतात.

गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत ही नळी मिटते. ती उघडी राहिल्यास मेंदूचे किंवा कण्याचे गंभीर व्यंग उद्भवते. फॉलिक आम्ल हा काही डिंक नव्हे. पण पेशींच्या वाढीला ते लागतेच. ज्यांना आधी असे मूल झाले होते, अशा मातांवरील अभ्यासात या गोळ्यांनी धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ साली दिसून आले.

म्हणून मूल हवे असल्यास निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. आधीच्या बाळात असे व्यंग असल्यास मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. पालक, हरभरा, मूग आहारात असावेतच. पण गोळी टाळू नये.