फॉर्म भरायला शेजारी कोण बसतं?

अमेरिकेत बारावीचं वर्ष खऱ्या अर्थानं सुरू होतं ते १ ऑगस्टला. शाळा उघडायला अजून अवकाश असतो, न्यू जर्सीत तर बहुतेक शाळा सप्टेंबरातच सुरू होतात. पण ‘कॉमन ॲप’ हा सामाईक प्रवेश अर्ज त्या दिवशी नव्या वर्षासाठी खुला होतो आणि सतरा वर्षांचं पोर सुट्टीतच कामाला लागतं. पुढचे दहा महिने त्याच्या घरात दुसरा विषय नसतो. एडिसनमधल्या मराठी घरातही नसतो आणि डॅलसमधल्याही नसतो.

महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना ही धावपळ फोनवर ऐकू येते, पण तिचा उलगडा होत नाही. आपल्याकडे बारावी म्हणजे बोर्ड, मग सीईटी, जेईई किंवा नीट, मग गुणवत्ता यादी आणि कॅप राउंड. आकडा लागला की पुढचं बरंचसं ठरून जातं. तिकडे नववी ते बारावी ही चार वर्षं हायस्कूलची आणि शेवटचं वर्ष ‘सीनियर इयर’. प्रवेश ठरवणारी अशी एक परीक्षा नाही. कॉलेजकडे जाते ती एक फाइल. तिच्यात चार वर्षांचे गुण असतात, कोणते विषय किती अवघड पातळीवर घेतले ते असतं, साधारण दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि काउन्सेलरचा अहवाल असतो, मुलाचा निबंध असतो आणि शाळेबाहेर त्यानं काय केलं याची नोंद असते. सॅट किंवा एसीटीचे गुण कुठे सक्तीचे, कुठे ऐच्छिक. कोविडच्या काळात बहुतेक कॉलेजांनी ती सक्ती उठवली; एमआयटीनं २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र हे गुण पाठवले तरी प्रवेशासाठी पाहत नाही.

कॉमन ॲपची सुरुवात १९७५ मध्ये १५ खासगी कॉलेजांनी केली. आज हजाराहून अधिक कॉलेजं त्यात आहेत. एका खात्यातून २० कॉलेजांकडे अर्ज धाडता येतो. मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा. शाळेबाहेरच्या उद्योगांसाठी दहा रकाने, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त दीडशे अक्षरं. चार वर्षं दर शनिवारी वाचनालयात लहान मुलांना गणित शिकवणाऱ्या मुलीला ते सगळं दोन ओळींत मांडावं लागतं. त्याखेरीज अनेक कॉलेजं आपापले वेगळे प्रश्न विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज तर स्वतंत्रच; तिथे आठांतले चार प्रश्न निवडायचे आणि प्रत्येकाचं उत्तर साडेतीनशे शब्दांत लिहायचं.

हे काम एकट्या मुलाकडून होण्यासारखं नाही, आणि ते त्याच्याकडून एकट्यानं व्हावं अशी अपेक्षाही धरू नये. ज्याच्या शेजारी जाणतं माणूस बसतं त्याचे अर्ज वेळेवर आणि नीट जातात. ज्याच्या शेजारी कुणी नसतं ते हुशार मूल एखाद्या तारखेपाशी, एखाद्या सहीपाशी अडतं.

शाळेत हे माणूस म्हणजे काउन्सेलर. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनच्या मते एका काउन्सेलरमागे २५० पेक्षा जास्त मुलं नसावीत. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी होती ३८५. त्याच काउन्सेलरकडे वेळापत्रकं असतात, मुलांची भांडणं असतात, कुणाचं नैराश्य असतं, आणि ऑक्टोबरात शिफारशींचा ढीगही त्याच्याच टेबलावर येतो. ज्यांना परवडतं ते पालक हजारो डॉलर मोजून खासगी सल्लागार नेमतात. हा बाजार किती बिघडू शकतो ते मार्च २०१९ मध्ये दिसलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन खोट्या खेळाडूंचे दाखले आणि परीक्षेतले बनावट गुण पुरवले होते. पहिल्याच टप्प्यात पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले. सिंगरला साडेतीन वर्षांची कैद झाली. ज्यांच्याकडे आधीच सगळं होतं त्यांनीच वाट विकत घेतली, याची चीड तिथल्या सर्वसामान्य पालकांच्या मनात अजून आहे, आणि ती रास्त आहे.

निबंधावर घरोघरी फार काथ्याकूट होतो. त्या मानानं पैशांच्या फॉर्मकडे दुर्लक्ष होतं, आणि खरी घसरण तिथेच होते. ‘फॅफ्सा’ हा केंद्र सरकारचा शिक्षण-साहाय्याचा अर्ज. तो भरायला पैसे पडत नाहीत. एरवी तो १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, याच अर्जावर ठरते. २०२४-२५ मध्ये तिची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती. सरकारी शैक्षणिक कर्जं आणि राज्यांच्या, कॉलेजांच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांनाही हाच फॉर्म लागतो. त्यात आई-वडिलांची करविषयक माहिती लागते, त्यांचं वेगळं खातं लागतं, त्यांची संमती लागते. घरी इंग्रजी येत नसेल, आई-वडील विभक्त असतील, वडील दोन पाळ्यांत राबत असतील, तर मुलाला हा फॉर्म निबंधापेक्षा कठीण जातो.

२०२३ च्या हिवाळ्यात तर सरकारनंच घोळ घातला. फॉर्म सोपा करण्याचा कायदा २०२० मध्ये झाला होता, शंभरावर असलेले प्रश्न त्यानं बरेच कमी केले. पण नवा फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबर संपता संपता उघडला, सुरुवातीला दिवसातून थोडाच वेळ चालू राहिला, आणि ज्यांच्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता अशी कित्येक मुलं आठवडेच्या आठवडे अडकून पडली. कॉलेजांकडे माहिती पोचायला मार्च उजाडला. एरवी १ मेपर्यंत मुलांनी कॉलेज पक्कं करायचं असतं. त्या वर्षी अनेक कॉलेजांना ती तारीख पुढे ढकलावी लागली. हातात प्रवेशाचं पत्र, पण वर्षाला किती पैसे भरायचे याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत लाखो घरांनी तो वसंत काढला.

फीच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट लवकर कळायला हवी. कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा आकडा आणि कुटुंबाला प्रत्यक्ष पडणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असू शकतं. २०११ पासून कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचे आकडे घातले की अंदाजे खर्च समोर येतो. यादी करण्याआधीच, अकरावीच्या उन्हाळ्यात, अर्धा तास त्यावर घालवला तर एप्रिलमधली रडारड टळते. ‘अर्ली डिसिजन’च्या बाबतीत तर हे फारच खरं. हा अर्ज साधारण १ नोव्हेंबरला जातो, तो एकाच कॉलेजकडे करता येतो आणि निवड झाली तर तिथेच जाण्याचं वचन त्यात असतं. काही नामांकित खासगी कॉलेजं निम्म्याहून अधिक जागा याच वाटेनं भरतात. चार कॉलेजांची मदत ताडून पाहिल्याशिवाय ज्यांना ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी ही वाट धोक्याची.

मराठी घरांत आणखी एक गाठ असते. आई किंवा वडील एच-१बी व्हिसावर, मूल लहानपणी सोबत आलेलं, म्हणून एच-४ वर. पहिलीपासून अमेरिकेतच शिकलेलं हे मूल केंद्राच्या मदतीला पात्र नसतं, कारण ती नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि काही ठरावीक गटांनाच मिळते. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी त्याला मिळेल की नाही, हे राज्याराज्यांवर अवलंबून. वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुतेकांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकांची आहे, कारण एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या सात टक्क्यांहून अधिक कार्डं सहसा येत नाहीत. धाकटा भाऊ अमेरिकेत जन्मलेला, म्हणून नागरिक. थोरली बहीण पुण्यात जन्मलेली, म्हणून परकी. एकाच जेवणाच्या टेबलावर दोन वेगळे अर्ज. अशा मुलीला व्हिसाचं वास्तव बारावीत सांगून उपयोग नाही. नववी-दहावीतच सांगितलं तर ती त्या बेतानं कॉलेजं निवडते.

आणि कम्युनिटी कॉलेज! मराठी पालक हे नाव ऐकलं की गप्प होतात. तसं करू नये. कॅलिफोर्नियात शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे दोन वर्षं ठरावीक विषय घेऊन ठरावीक गुण मिळवले, तर डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांच्यासह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा संकुलांत पुढच्या प्रवेशाची हमी देणारी योजना आहे. पदवीवर शेवटी विद्यापीठाचंच नाव येतं.

एवढ्या गदारोळात हायस्कूल पास व्हायचं असतं, हेही मुलं विसरतात. न्यू जर्सीत त्यासाठी किमान १२० क्रेडिट लागतात, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास चारही वर्षं घ्यावाच लागतो. अर्थसाक्षरतेचा अर्ध्या वर्षाचा विषयही सक्तीचा आहे. कॅल्क्युलसमध्ये पहिली आलेली मुलगी जिमच्या क्रेडिटपायी अडकू नये म्हणून काउन्सेलरसोबत सप्टेंबरातच हिशेब मांडावा. प्रवेश मिळाल्यावर अभ्यास सोडून दिला तर तोही महागात पडतो. जूनमधलं अंतिम प्रगतिपुस्तक कॉलेजकडे जातं आणि गुण फार घसरले असतील तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो.

मग प्रॉम होतो, यरबुकवर सह्या होतात, कॅप आणि गाऊन घालून मुलं मैदानावर बसतात, टॅसल उजवीकडून डावीकडे सरकवतात. सगळ्यांना वाटतं, संपलं. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय होतं ते बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी दाखवून दिलं. कॉलेजात जायचं ठरवलेल्या मुलांपैकी देशभरात १० ते २० टक्के मुलं शरद ऋतूत कॉलेजात पोचतच नाहीत. तिकडे याला ‘समर मेल्ट’ म्हणतात. कारणं साधी असतात. लसीकरणाचा दाखला राहतो, वसतिगृहाची अनामत राहते, आरोग्य विम्याचा फॉर्म समजत नाही, पहिलं बिल पाहून धसका बसतो. शाळेचा काउन्सेलर सुट्टीवर, कॉलेजात अजून ओळखीचं कुणी नाही. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०१६ मध्ये ‘पाउन्स’ नावाची मोबाइल-संदेश सेवा सुरू केली. ती मुलांना तारखांची आठवण द्यायची आणि रात्री बारालाही प्रश्नांची उत्तरं द्यायची. पहिल्याच उन्हाळ्यात तिथली गळती सुमारे एक-पंचमांशानं घटली.

काही राज्यांनी मूळ रचनेलाच हात घातला. टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्यानं शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात मागणी मोठी, त्यामुळे तिथली मर्यादा कडक आहे. आयडाहोनं २०१५ मध्ये बारावीच्या मुलांना घरी पत्रंच पाठवली, की राज्यातल्या या या सरकारी कॉलेजांत तुम्हाला प्रवेश आहे. टेनेसीनं २०१४ मध्ये ‘टेनेसी प्रॉमिस’ कायदा केला. कम्युनिटी आणि तांत्रिक कॉलेजांची इतर मदतीतून न भागलेली फी राज्य भरतं, आणि प्रत्येक मुलाला एक स्वयंसेवक मार्गदर्शक मिळतो. बँकेतला कर्मचारी, निवृत्त शिक्षिका, दुकानदार, असं कुणीही. मुलाला तारीख सांगायची, फॅफ्सा झाला का ते विचारायचं, एवढंच त्याचं काम. या तिन्हींत टेनेसीची वाट सर्वांत मोलाची, कारण तिथे राज्यानं पैशाबरोबर माणूसही दिला.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या दिवाळी कार्यक्रमांचा हंगाम आणि या अर्जांचा हंगाम एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याच शाळेच्या सभागृहात, त्याच शनिवारी सकाळी, कार्यक्रमाच्या आधी तीन तास फॉर्म भरण्यासाठी ठेवता येतील. ज्यांची मुलं गेल्या वर्षी या सगळ्यातून गेली ते पालक आणि कॉलेजातून सुट्टीवर आलेली मुलं मदतीला बसतील. बोलावणं फक्त मराठी घरांना नको. त्याच शाळेत शिकणाऱ्या ज्या मुलांच्या घरी कॉलेज कुणीच पाहिलेलं नाही, त्यांनाही द्यावं. मंडळाच्या कार्यकारिणीनं हा विषय येत्या ऑगस्टच्या बैठकीतच घ्यावा.