लॅबमधला संवाद : मंगळाजवळ हरवलेल्या यानाकडून आपण काय शिकायचं?



पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की तीन प्रश्न हमखास विचारतात. विषय कोणता घेऊ? गाईड कसे निवडू? फेलोशिप मिळेल का? तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण प्रवेश झाल्यानंतर, पहिल्या सहा महिन्यांतच, एक चौथी गोष्ट समोर येते आणि तिच्याबद्दल आधी कुणी फारसं सांगितलेलं नसतं. ती म्हणजे लॅबमधला रोजचा संवाद. लॅब हे शेवटी एक कामाचं ठिकाणच आहे. तिथे गाईड असतात, सिनिअर असतात, उपकरण सांभाळणारे ऑपरेटर असतात, स्टोअरमधले काका असतात, आणि प्रत्येकाकडे तुमच्या प्रयोगाचा एक एक तुकडा असतो.

संवादकौशल्य म्हटलं की आपल्याला फाडफाड इंग्रजी, आत्मविश्वासाने दिलेलं प्रेझेंटेशन वगैरे आठवतं. ते आलं तर चांगलंच. पण संशोधनात संवादाची व्याख्या मी याहून साधी करेन. आपल्याकडची माहिती, जिला तिची गरज आहे त्या व्यक्तीपर्यंत, वेळेत आणि अर्थ न बदलता पोहोचली का? एवढंच. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात किती अवघड आहे, हे समजण्यासाठी एक गाजलेलं उदाहरण बघू.

मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट

नासाने ११ डिसेंबर १९९८ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे पाठवलं. मंगळाभोवती फिरत तिथल्या हवामानाचा अभ्यास करायचा, असा बेत होता. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचलं, ग्रहाच्या आड गेलं आणि पुन्हा त्याचा संदेश आलाच नाही. नुसत्या यानाचा खर्च सुमारे १२.५ कोटी डॉलर होता.

कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं : युनिटची गडबड. यानाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी अधूनमधून छोटे थ्रस्टर चालवावे लागत. प्रत्येक वेळी यानाला किती धक्का बसला, याचा हिशोब जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर करायचं. ते यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीकडचं होतं. हा आकडा न्यूटन-सेकंदात द्यायचा, असं दोन्ही बाजूंच्या करारातल्या तांत्रिक कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअर मात्र तो पाउंड-फोर्स सेकंदात देत राहिलं. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या मार्ग ठरवणाऱ्या टीमने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. एक पाउंड-फोर्स म्हणजे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्का प्रत्यक्षापेक्षा साडेचार पटीने लहान धरला गेला. नऊ महिन्यांच्या प्रवासात हे छोटे फरक साठत गेले.

परिणाम काय झाला? यान मंगळाच्या पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरवरून जाणं अपेक्षित होतं. ८० किलोमीटर ही त्याला सहन होण्याची खालची मर्यादा होती. नंतरच्या हिशोबातून कळलं की ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं होतं.

खरी चूक युनिटची होती का?

इथपर्यंतची गोष्ट फिजिक्सच्या तासाला 'युनिट लिहा रे' म्हणून सांगितली जाते. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेला चौकशी मंडळाचा अहवाल यापुढे जातो. मंडळाने युनिटची चूक मूळ कारण म्हणून नोंदवली, आणि ती नऊ महिने कुणालाच का पकडता आली नाही याची कारणं वेगळी दिली. आपल्या कामाचा भाग हाच आहे.

एक, फाइलमध्ये फॉरमॅटच्या अडचणी होत्या, त्यामुळे पहिले चार महिने त्या फाइली वापरताच आल्या नाहीत. तोवर थ्रस्टर चालवल्याची माहिती ईमेलने कळवली जायची. एप्रिल १९९९ मध्ये फाइली वापरात आल्या आणि आठवड्याभरातच आकडे जुळत नाहीत असं दिसू लागलं. म्हणजे शंका आली होती!

दोन, ही शंका ईमेलवरच फिरत राहिली. अशा अडचणी नोंदवण्यासाठी एक अधिकृत पद्धत होती. तिथे नोंद झाली की तिला क्रमांक मिळतो, जबाबदार माणूस ठरतो आणि उत्तर मिळेपर्यंत ती बंद होत नाही. ती पद्धत नीट वापरली गेली नाही. ईमेलचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच. वाचला जातो, 'बघू' म्हटलं जातं आणि तो खाली सरकतो.

तीन, मार्ग ठरवणारी टीम उड्डाणाच्या थोडंच आधी कामावर आली होती आणि एकाच वेळी तीन मोहिमा सांभाळत होती. यानाच्या रचनेची काही वैशिष्ट्यं तिच्यापर्यंत पुरेशी पोहोचलीच नव्हती. सौर पॅनेल एकाच बाजूला असल्यामुळे थ्रस्टर अपेक्षेपेक्षा १० ते १४ पट जास्त वेळा चालवावे लागत होते.

चार, शेवटच्या आठवड्यात नवे हिशोब यान १५० ते १७० किलोमीटरवरून जाईल असं सांगत होते, आणि शेवटच्या २४ तासांत तर ११० किलोमीटर. मार्ग बदलण्याची आणखी एक संधी होती. तिच्यावर चर्चा झाली, पण ती वापरली गेली नाही.

म्हणजे बघा, माहिती होती, हुशार माणसं होती, शंकाही होती. शंका निर्णय घेणाऱ्यापर्यंत निर्णय घ्यावा लागेल अशा स्वरूपात पोहोचली नाही.

आता आपल्या लॅबमध्ये येऊ

आपल्याकडे यान पडत नाही. पण वर्ष वाया जाऊ शकतं आणि फेलोशिपचं वर्ष परत मिळत नाही. काही साधी उदाहरणं घेऊ.

सिनिअर सांगतो, 'सोडिअम कार्बोनेटचं एक मोलर सोल्यूशन करून ठेव.' तुम्ही १०६ ग्रॅम मोजता. पण बाटलीत निर्जल कार्बोनेट नसून दहा रेणू पाण्याचं असेल, तर त्याचं मोलर वजन २८६ आहे. एक लिटरला तुमचं सोल्यूशन जेमतेम ०.३७ मोलर झालं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी आळस केला नाही. एक शब्द सांगायचा राहिला.

तसंच, 'दहा हजारवर सेंट्रिफ्यूज कर.' दहा हजार काय? फेरे की जी? रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर १०,००० फेऱ्यांना साधारण ८,९४० जी मिळतात, १० सेंटिमीटर असेल तर ११,१८०. दुसऱ्या लॅबमध्ये रोटर बदलला की तुमचा प्रयोग बदलला.

म्हणून सुरुवातीपासून लावून घ्याव्यात अशा काही सवयी सांगतो :

१. आकडा एकटा पाठवू नका. प्रत्येक आकड्यासोबत युनिट, आणि प्रत्येक डेटा फाइलसोबत एक छोटी टीप : कोणत्या रकान्यात काय आहे, कधी मोजलं, कोणत्या उपकरणावर. बाटलीवर नाव, सांद्रता, तारीख आणि तुमची आद्याक्षरं.

२. ऐकलेलं परत म्हणून दाखवा. विमानाचा पायलट नियंत्रण कक्षाच्या सूचना परत म्हणून दाखवतो, ते याचसाठी. 'सर, म्हणजे नमुने सहा, प्रत्येकी तीन वेळा, सदतीस अंशाला, बरोबर ना?' असं विचारल्याने तुम्ही मठ्ठ ठरत नाही. उलट निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

३. तोंडी ठरलेलं लिहून पाठवा. गाईडशी चर्चा झाली की त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप 'उपकरण मोकळं आहे का?' विचारायला उत्तम आहे. महत्त्वाचा निर्णय तिथे ठेवला, तर तो सणाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

४. सिनिअर लॅब सोडायच्या आधी त्याच्याकडून काम प्रत्यक्ष बघून घ्या. नोटबुकमध्ये 'नेहमीच्या पद्धतीने' असं लिहिलेलं असतं. ती नेहमीची पद्धत त्याच्या हातात असते आणि हात त्याच्याबरोबर निघून जातात.

वाईट बातमी कशी सांगायची?

सगळ्यात अवघड भाग हाच. प्रयोग फसतोय, हे गाईडना सांगायला आपण घाबरतो. 'सर रागावतील', 'मॅडमना वाटेल याला जमत नाही', 'आधी मीच दुरुस्त करतो, मग सांगतो.' यात आठवडे जातात. आपल्याकडे मोठ्यांपुढे शंका काढणं उद्धटपणाचं मानतात, त्यामुळे ही भीती दुप्पट होते. पण गाईड तुमच्या आकड्यांवर पुढचा प्रकल्प मांडत असतात, कुठेतरी सारांश पाठवत असतात. शंका दडवली तर ते चुकीच्या जमिनीवर घर बांधतात, आणि त्या घरात तुम्हालाच राहायचं असतं.

रुग्णालयांत गंभीर रुग्णाची माहिती देण्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत वापरतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून ती तिथे आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली मागणी. लॅबमध्ये ती अशी दिसेल :

'सर, नमस्कार. गेल्या तीन बॅचमध्ये कंट्रोल नमुन्याचं वाचन वाढत चाललं आहे. नवीन बफर करून आणि उपकरण कॅलिब्रेट करून पाहिलं, फरक पडला नाही. रसायनाची नवी बाटली उघडल्यापासून हे सुरू झालं असं वाटतं, पण अजून खात्री नाही. जुन्या बाटलीतून एक बॅच करण्यासाठी दोन दिवस हवेत. तोपर्यंत मुख्य प्रयोग थांबवावा का, हे कृपया गुरुवारपर्यंत कळवावं.'

यात रडगाणं नाही, सबब नाही, आरोप नाही. काय माहीत आहे आणि काय नाही हे वेगळं केलेलं आहे. आणि शेवटी एक प्रश्न आहे ज्याला उत्तर द्यावंच लागतं. 'सर, जरा प्रॉब्लेम आहे' यातून असं काही हाती लागत नाही.

अर्थात सगळी जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. ऐकणाऱ्यानेही दार उघडं ठेवावं लागतं. डॉ. अतुल गावंडे, ज्यांचं मूळ कुटुंब विदर्भातलं, त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी तयार केली. तिच्यात एक कलम आहे : चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेली नर्स पुढे काही खटकलं तर बोलण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रेय एकट्या त्या कलमाचं नाही, यादीत इतरही बऱ्याच गोष्टी आहेत. तरी लॅब मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर विद्यार्थ्याला आधी बोलायला दिलं तर काय फरक पडतो, ते करून बघण्यासारखं आहे.

म्हणून गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या जरूर बघा, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नही विचारा : 'प्रयोग फसला की तुम्ही सरांना किती दिवसांनी सांगता?' उत्तर 'त्याच दिवशी' असं आलं, तर ती लॅब चांगली आहे असं समजायला हरकत नाही.