नदी-जलाशयातील गाळ आणि पाण्याची प्रत : उपग्रहचित्र कसे वाचावे?

जोराचा पाऊस झाला की गिरड परिसरातील नाले काळपट-तपकिरी होऊन वाहतात. हा रंग बहुतांशी आपल्याच शेतातील मातीचा असतो. एका एकरातून केवळ 1 मि.मी. जाडीचा थर वाहून गेला, तरी सुमारे 5 टन माती जाते. पुढे ती नदीपात्रात आणि तलावात साचते. ही माती कोठे आणि केव्हा जाते, हे मोफत उपग्रहचित्रांवरून पाहता येते.

गाळ कसा दिसतो?

स्वच्छ, खोल पाणी लाल प्रकाश शोषून घेते, म्हणून चित्रात गडद दिसते. गाळाचे कण लाल प्रकाश परत फेकतात, म्हणून गढूळ पाणी फिकट-तपकिरी दिसते. गढूळपणा निर्देशांक याच फरकावर काढतात:

(लाल − हिरवा) ÷ (लाल + हिरवा)

सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात लाल म्हणजे बँड 4 आणि हिरवा म्हणजे बँड 3. उत्तर जितके जास्त, तितका गढूळपणा जास्त.

कोणते पाणी पाहावे?

सेंटिनेल-2 च्या या बँडमधील एक ठिपका जमिनीवरील 10 × 10 मीटर असतो. काठावरच्या ठिपक्यात पाणी, माती आणि झाडे मिसळतात. त्यामुळे पाण्याची रुंदी किमान 30-40 मीटर असावी. गावनाल्यासाठी हे चित्र उपयोगी नाही. वर्धा नदीचे रुंद पात्र किंवा समुद्रपूर तालुक्यातील लाल नाला प्रकल्पासारखा जलाशय निवडावा.

पाहण्याची पद्धत

1. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर आपला जलाशय शोधा.
2. ढग नसलेली तारीख निवडा. या मालिकेतील दोन उपग्रह मिळून साधारण दर 5 दिवसांनी चित्र देतात.
3. जलाशयात नाला मिळतो ते तोंड आणि भिंतीजवळचे पाणी यांची तुलना करा.
4. दरवर्षी त्याच पंधरवड्यातील चित्रे जपून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे चित्रे कमी मिळतात. रडार उपग्रह ढगांतून पाहतो, पण तो पाण्याचा विस्तार दाखवतो, गढूळपणा नाही. उघडीप मिळताच आलेले पहिले चित्र म्हणूनच मोलाचे असते. उथळ तळ, पाणवनस्पती आणि शेवाळ यांमुळेही रंग फसवतो, हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष मोजणी हवीच

चित्र गढूळपणा कमी की जास्त एवढेच सांगते. लिटरमागे किती गाळ, हे नमुन्यावरूनच कळते. कृषी सहायकांनी उपग्रह फेरीच्याच दिवशी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, नमुना घ्यावा. 20 सें.मी. व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. पुरात उतरून नमुना घेऊ नये.

महत्त्वाची सूचना : नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. नायट्रेट, क्षार, कीटकनाशकांचे अंश आणि रोगजंतू उपग्रहाला दिसत नाहीत. ओलितासाठी पाण्याचा सामू आणि विद्युत वाहकता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी करावी.

शेतात काय करावे?

- सोयाबीनची पेरणी उताराला आडवी, शक्यतो रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धतीने करा.
- कपाशीत पावसाळ्यात उताराला आडव्या सऱ्या काढा.
- बांध आणि नाल्याच्या काठावर गवताचा पट्टा राखा.
- गढूळ पाणी ठिबकला देताना वाळूची आणि चकतीची गाळणी लावा. नाहीतर तोट्या बंद पडतात.
- उन्हाळ्यात तलावातील गाळ माती परीक्षण करून हलक्या जमिनीत टाका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा उद्देशही हाच आहे.

तलावातून गाळ परत आणण्याला भाडे लागते. तीच माती बांधाच्या आत अडवणे केव्हाही स्वस्त. आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला का, हे पाच-सात वर्षांची चित्रे शेजारी ठेवून आणि त्या वर्षांचा पाऊस पाहून गावाला तपासता येईल.